उत्तर एका वाक्यात

ताई धावली. अगदी पळत सुटली असं नाही. पण चौकातला हिरवा दिवा लुकलुकायला लागला तशी तिने पिशवी छातीशी धरली आणि उरलेली चार पावलं धावत जाऊन पलीकडचा फुटपाथ गाठला. मी बसमध्ये खिडकीशी बसले होते, मांडीवर दुरुस्तीला न्यायच्या कर्णयंत्रांचा डबा, आणि पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच की ही बाई अगदी ताईसारखी दिसते. मग वाटलं, हिच्या पायात माझे तपकिरी बूट आहेत. मग तिने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं, वेळेत पोचलो म्हणून स्वतःशीच हसली, आणि ते हसू, खालचा ओठ थोडा दुमडून घेतलेलं, आमच्या घरात आता एकाच माणसाकडे उरलंय. बस वळली. माझी ताई दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून ती आमच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नाही. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत वॉकर धरून जाते, तेही मी मागे उभी असले तर. सकाळी निघताना मी तिच्या उशाशी पाण्याची बाटली, गोळ्या, फोन, झाकलेलं जेवण अशी सगळी मांडामांड करते, आणि ती म्हणते, "जा आता, मी कुठे पळून जातेय?" रोज म्हणते. आजही म्हणाली होती.

अशा वेळी काय वाटायला हवं ते मला ठाऊक आहे. दोन वर्षं मी रोज सकाळी गुडघे टेकून जे मागितलं ते प्रभूने भर दुपारी, चौकात, मला बसच्या काचेतून दाखवलं होतं. मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे धावायला हवं होतं, तिला मिठी मारायला हवी होती, लोकांची पर्वा न करता रस्त्यात रडायला हवं होतं. मी जागची हलले नाही. मला राग आला. तळपायाची आग मस्तकात जावी असा राग, आणि तो नेमका कशाचा हे शोधायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी बुटांवर रागावले. माझे बूट, मला न विचारता. दुरुस्तीवाल्याकडे डबा दिला, काउंटरवरच्या माणसाने काहीतरी विचारलं त्याला "हो" म्हटलं, आणि परतीच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की त्याने काय विचारलं ते मी ऐकलंच नव्हतं. कानांवर पोट भरणाऱ्या बाईने हे कुणाला सांगू नये.

मी बहिरेपण मोजते. काचेच्या आड एक बंद खोली असते, तिच्यात माणूस कानांवर हेडफोन चढवून बसतो, हातात बटण. मी बाहेरून बारीक होत जाणारे आवाज सोडते आणि ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. सोपं दिसतं. पण माणसं सरळ ऐकत नाहीत. काहींना ऐकू येत नाही हे कबूल करायचं नसतं, ते काचेतून माझ्या खांद्याची हालचाल बघून बटण दाबतात. काहींना बहिरं ठरायचं असतं, कारखान्यातून हलक्या कामावर बदली हवी असते, ते आवाज ऐकूनही मख्खपणे बसून राहतात. असले लोक पकडणं मला छान जमतं. थोड्या वेळाने तीच तपासणी परत घ्यायची. खरा बहिरा दोन्ही वेळा एकाच जागी अडतो. सोंग घेणाऱ्याला मघाशी आपण कुठे अडलो होतो ते आठवत नाही. आमचे डॉक्टर कौतुकाने म्हणतात, बाईंच्या हातून कुणी सुटत नाही. आणि इथे माझ्याच घरात, माझ्याच नाकाखाली. ताई वॉकर घेऊन चालायची तेव्हा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अडखळायची. दर वेळी तिथेच, दर वेळी डावा पाय. मला कधी शंका आली नाही ती म्हणूनच.

त्यात आज गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा आमच्याकडे भरते. पूर्वी ती चर्चच्या मागच्या खोलीत भरायची आणि ताईच चालवायची. ती पडल्यावर पाळकसाहेब म्हणाले, तिला येता येत नाही तर आपण जाऊ, आणि तेव्हापासून तिच्या पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या जातात. उशाशी पाळकसाहेब, त्यांच्या शेजारी शिंपीणबाई, दाराजवळ निवृत्त पोस्टमनकाका, पायथ्याशी मी. आमच्या सभेची एक रीत आहे, ती ताईनेच घालून दिली. शुभवर्तमानात प्रभू सारखा प्रश्न विचारत असतो. तुम्ही काय शोधता, तुम्ही का घाबरलात, तू माझ्यावर प्रेम करतोस का. ताईचं म्हणणं, या प्रश्नांवर आपण प्रवचनं झोडतो पण उत्तर कुणीच देत नाही. म्हणून ज्याची पाळी असेल त्याने प्रश्न असलेला एक उतारा निवडायचा, मोठ्याने वाचायचा, आणि मग तो प्रश्न आपल्यालाच विचारलाय असं धरून प्रत्येकाने उत्तर द्यायचं. एका वाक्यात. त्या उत्तरावर कुणी काही बोलायचं नाही. तेव्हा नाही, नंतर चहा पितानाही नाही, आणि जिना उतरताना तर मुळीच नाही. एकदा "तुम्ही काय शोधता" याला पोस्टमनकाका म्हणाले, "माझा मुलगा," आणि आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. तो मुलगा भांडून घर सोडून गेला हे आम्हाला माहीत होतं, काका अजून त्याला शोधतात हे माहीत नव्हतं. कुणी एक शब्द बोललं नाही, आणि काकांनी त्यानंतर एकही सभा चुकवलेली नाही. एकदा एक पाहुणे आले होते, त्यांनी "आणि" लावत लावत आपली सगळी नोकरी एका वाक्यात बसवली. तेव्हा ताई हिंडतीफिरती होती, तिने त्यांना चहाच विचारला नाही.

या आठवड्यात पाळी माझी होती. मी वादळाचा उतारा काढून ठेवला होता, नावेत पाणी शिरतंय आणि प्रभू उशीवर डोकं ठेवून निवांत झोपलाय तो. मला ती उशी फार आवडते. बस आमच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तो बदलला होता. आता योहानाच्या शुभवर्तमानातलं तळं. तळ्याकाठच्या ओसऱ्यांत आजारी माणसं पडलेली, त्यांतला एक अडतीस वर्षं आजारी. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो म्हणतात, आणि याला पाण्यात सोडायला कुणी नाही. प्रभू त्याच्यापाशी येतो आणि विचारतो, तुला बरं व्हायचंय का? मला हा प्रश्न लहानपणापासून विचित्र वाटत आलाय. आमच्या डॉक्टरांनी कुणा रुग्णाला असं विचारलं तर तक्रार होईल. आज मात्र तो मला मनापासून आवडला. सभेत मी तो वाचणार होते, वाचून थांबणार होते आणि थेट पलंगाकडे बघणार होते. ताईला उत्तर द्यावंच लागेल, पाळकांच्या देखत, एका वाक्यात, आणि तिचीच रीत तिच्या गळ्यात पडेल. खोटं बोलली तर शास्त्रासमोर खोटं बोलेल. खरं बोलली तर सगळ्यांना कळेल. वचनाचा असा वापर करू नये हे मला कळत होतं. रानात प्रभूला मोहात पाडताना सैतानानेही वचनंच म्हणून दाखवली होती, आणि एकही शब्द न चुकता. मला ते आठवलं, आणि मी ते बाजूला सारलं.

मी दवाखान्यात परतल्यावर एक म्हातारे गृहस्थ आले, सुनेबरोबर. सून म्हणाली, "घरात आम्ही ओरडून ओरडून दमतो, हे नुसती मान डोलावतात." त्यांना काचेआड बसवलं. माझा खांदा हलला की ते बटण दाबायचे, आणि दाबून माझ्याकडे अशा आशेने बघायचे की मी खूश झाले का. एरवी मी खुर्ची फिरवून पाठ करते, मग खरं काय ते कळतं. आज मी फिरवली नाही. मुद्दाम नाही, सुचलंच नाही, मी तळ्याकाठी होते. उतारा मला जवळजवळ पाठ आहे, आणि पाठ असलेल्या गोष्टी माणूस ऐकत नाही. तो आजारी माणूस "हो" म्हणतच नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर, एका बहिऱ्या म्हाताऱ्याची तपासणी चुकवताना दिसलं. त्याला विचारलंय काय आणि तो सांगतोय काय. मला पाण्यात सोडायला कुणी नाही, मी जातोय तोवर दुसराच उतरतो. तक्रार, आणि तीही वापरून गुळगुळीत झालेली. आम्हाला शिकवलं की तो माणूस म्हणजे आपण, आणि पाण्यात सोडणारं कुणी नसणं ही आपली लाचारी. पण लाचारीतही माणूस बस्तान बसवतो. ओसरीतला आपला कोपरा, शेजारचा आंधळा, कुठल्या वेळी कुठून ऊन येतं ते ठाऊक असलेलं. बरं झालं की हे सगळं गेलं. म्हणूनच असेल, प्रभू त्याला नुसतं उभं करून सोडत नाही, बाज उचलायला लावतो. लहानपणी चर्चच्या रविवारच्या वर्गात मी एकदा विचारलं होतं, बऱ्या माणसाला बाज कशाला? वर्ग ताईच घ्यायची. ती म्हणाली होती, "तिथे राहिली तर संध्याकाळी परत येऊन झोपेल." सगळी मुलं हसली होती, आणि मीही, न कळता. आणि बाज उचलून चार पावलं जातो न जातो तोच त्याला लोक धरतात, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी ओझं का उचललंस म्हणून. इतक्या वर्षांनी माणूस चालतोय, आणि यांना दिसते बाज. मी मनातल्या मनात त्या लोकांवर चिडले आणि मग मला बूट आठवले. मी म्हाताऱ्यांना बाहेर बोलावलं आणि सुनेला सांगितलं की आज तपासणी नीट झाली नाही, माझी चूक, पुढच्या आठवड्यात परत या.

आणि मग, मी न बोलावता, ते चौघे आले. पक्षाघात झालेल्या मित्राला बाजेसकट छपरावर चढवणारे, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उसवून त्याला प्रभूसमोर खाली सोडणारे. त्यांच्या विश्वासावर मी किती प्रवचनं ऐकली असतील. चर्चच्या मंडळीत माझी ओळख करून देताना पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, "ही त्या चौघांतली एक आहे," आणि मी लाजले होते, आणि घरी येईपर्यंत तेच वाक्य परत परत ऐकत होते. पण तो मित्र आपली बाज काखोटीला मारून आपल्या पायांनी घरी गेला, तेव्हा छपरावरचे ते चौघे काय करत होते? आनंद झाला असेल, झालाच असेल. हातात दोर, खाली गर्दी पांगतेय. त्या सकाळपर्यंत गावात त्यांना एक काम होतं, त्या कामावरून लोक त्यांना ओळखत. दुसऱ्या दिवशी उठून कुणाला न्यायचं? तिघं जातील आपापल्या धंद्याला. पण चौथा, सगळ्यांत भित्रा, ज्याला बाजेचा कोपरा हातात नसता तर कुणी दारात उभंही केलं नसतं, तो काय करेल? मी चहा मागवला आणि तो प्यायचा राहून गेला.

कारण ताई पडण्याआधी मी तिची बहीण होते, एवढंच. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि ताईने घर हाती घेतलं ते असं की आई गेल्याचं शेजाऱ्यांनाही उशिरा जाणवलं असावं. माझा कोट ती निवडायची, माझं कॉलेज तिने निवडलं, कानांचं हे शिक्षणही तिनेच शोधून काढलं, "तुला बोलायला आवडत नाही ना, मग ऐकायचं काम कर." कुणी मला नाव विचारलं तर मी आधी तिच्याकडे बघायचे. ती पडली त्या दिवशी इस्पितळात पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघू लागले. बाई, इथे सही करा. बाई, हे औषध आणा. माझा आवाजच बदलला. मंडळीत बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, काय हो तुमचा त्याग. दवाखान्याने दुसऱ्या शहरात शाखा काढली आणि तिथे मुख्य म्हणून जाल का विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ताईला सोडून कशी जाऊ, आणि सगळ्यांनी सुस्कारे टाकले. तिथे जायच्या नुसत्या विचाराने मी घाबरून गेले होते, हे कुणाला दिसलं नाही. आमची यंत्रं दुरुस्त करणारा एक विधुर, फार सालस माणूस, त्याने एकदा विचारलं की रविवारी नदीकाठी फिरायला याल का. ताईला सोडून कशी येऊ, म्हटलं. त्याने परत विचारलं नाही. मला हायसं वाटलं आणि त्या रात्री मी उशीत तोंड घालून रडले, आणि हायसं वाटणंही माझं, रडणंही माझंच. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात डॉक्टर ताईसमोर म्हणाले होते, हाड छान जुळलंय, आता चाला, जिने उतरा, घाबरू नका. घरी ती पलंगावरून उठायला लागली की माझ्या तोंडून निघायचं, "पडशील हं." मायेनेच. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मी स्वतःला हे पुन्हा सांगितलं की मायेनेच. एरवी मी हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर खुर्ची फिरवून पाठ केली असती आणि परत एकदा म्हणायला लावलं असतं.

घरी ताई पलंगावर, उशीला टेकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पांघरूण कमरेपर्यंत. माझे बूट फडताळात जागच्या जागी, पुसून ठेवलेले. मी कोट काढायला फार वेळ लावला.

"आलीस? तोंड का असं उतरलंय?"

"काही नाही. जेवलीस का?"

"जेवले की. भाजीत मीठ कमी होतं."

"दिवसभर काय केलंस?"

तिने चष्मा वर सरकवला. "काय करणार? लोळले. तू सांग, वादळाचाच उतारा ना?"

"नाही. तळ्याचा."

"का ग?"

"वाटलं."

ती माझ्याकडे बघत राहिली, वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघायची तशी, आणि मीच खोटं पकडायला आले असताना माझीच नजर खाली गेली. "बरं," ती म्हणाली. "खुर्च्या मांड. आणि मला जरा उठवून बसव." मी तिच्या काखेत हात घातले. दोन वर्षांत हे इतक्या वेळा केलंय की माझ्या पाठीला ते वजन तोंडपाठ आहे. ते आलं, नेहमीइतकंच, थोडं डावीकडे कललेलं. धावणाऱ्या बाईचं वजन असं येत नाही. ते ती मला देत होती. मला ते सोडून द्यावंसं वाटलं, नुसते हात काढून घ्यावे आणि बघावं. पण मी तिला नीट बसवलं, पाठीमागे उशी दिली, आणि ती म्हणाली, "देव तुझं भलं करो," रोजच्यासारखं.

मंडळी आली. शिंपीणबाईंनी बिस्किटं आणली होती, पोस्टमनकाकांनी छत्री दाराबाहेर ठेवायची की आत यावर रोजचा घोळ घातला, पाळकसाहेब ताईला म्हणाले, "आज चेहऱ्यावर तेज दिसतंय हो," आणि ती म्हणाली, "उन्हाचं असेल." मला ठसका लागला. गाणं झालं. मी उभी राहून वाचायला सुरुवात केली. माझा आवाज मला बाहेरून ऐकू येत होता, काचेआडून यावा तसा. ओसऱ्या, आंधळे, लंगडे, अडतीस वर्षं. प्रश्न आला. मी ठरवल्याप्रमाणे थांबले आणि ठरवल्याप्रमाणे पलंगाकडे पाहिलं. ताई माझ्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिला माझी दया येत होती. मला वाटतं मी तिथेच हरले होते, पण उतारा पुढे होता, तो वाचून संपवला आणि खाली बसले.

फेरी उशापासून सुरू होते. पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले, "रविवारी हो, सोमवारी नाही." शिंपीणबाईंनी बोटावरचं शिवणाचं टोपण काढलं, घातलं, परत काढलं आणि म्हणाल्या, "आधी मला काय झालंय ते तरी कुणीतरी सांगा." काका खुर्चीत सरळ बसले. "उशीर झालाय, पण हो," ते म्हणाले. मग ताईची पाळी. तिने चष्मा काढून पांघरुणावर ठेवला. चष्म्याशिवाय ती आईसारखी दिसते, हे मी विसरले होते.

"मी कधीच बरी झालेय," ती म्हणाली, "पण मी उठले तर हिच्या हाताला काही उरणार नाही म्हणून पडून आहे."

सगळ्यांनी नजर वळवली. रीतच तशी. शिंपीणबाई हातातल्या टोपणाकडे बघत होत्या, काका दाराकडे. मला ओरडावंसं वाटत होतं की हे एक वाक्य नाही, ही दोन आहेत. मला असंही वाटत होतं की हे खोटं आहे, हिला घरबसल्या चार माणसं भेटायला येतात म्हणून ही पडून राहिली, बायका पाय चेपतात म्हणून; आणि त्यातलं थोडं खरंही असेल, माणूस एकाच कारणासाठी क्वचितच काही करतो. पण पहिल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरात शिंपीणबाईंना म्हटलं होतं की आता कुठे मी कुणाच्या तरी उपयोगाची आहे असं वाटतं, याआधी मी नुसती होते. हळू आवाजात म्हटलं होतं. पण स्वयंपाकघर आणि ताईची खोली यांच्यामध्ये फळीची भिंत आहे, आणि हळू आवाज किती लांब जातो हे मोजण्यात माझा जन्म गेलाय. तिने ऐकलं असणार. ऐकलं, आणि उंबऱ्याशी अडखळायला लागली. रोज, तिथेच, डावा पाय, न चुकता, मला धरायला मिळावं म्हणून. मी जिच्यासाठी जगते असं लोकांना सांगत होते, ती दोन वर्षं माझ्यासाठी पलंगावर पडून होती, आणि दुपारी मी नसताना माझे बूट घालून गुपचूप चालून यायची, पाय जिवंत ठेवायला. इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. इतकं प्रेमही माझ्यावर कुणी केलेलं नव्हतं, आणि ते मला नको होतं, मला ते अंगावरून काढून फेकायचं होतं.

सगळे थांबले होते. पाळी माझी होती. दुपारपासून घोळवलेलं एक वाक्य माझ्याजवळ तयार होतं, सत्याबद्दल, चांगलं धारदार. तोंड उघडलं तेव्हा ते आलं नाही. आधी आलं ते त्या तळ्याकाठच्या माणसाचंच, मला कुणी नाही हो, मी जाईपर्यंत. ते मी गिळलं. मग प्रश्न तेवढा राहिला, कुणाच्याही आवाजाशिवाय, आणि त्याला एकच उत्तर होतं. ताईच्या पायांबद्दल ते नव्हतंच.

"नाही," मी म्हणाले.

एका शब्दाला वाक्य म्हणायचं का, हे ताईने कधी सांगितलं नव्हतं. कुणी हरकत घेतली नाही. पाळकसाहेबांनी घसा साफ केला, आणि शेवटच्या प्रार्थनेसाठी ते उठले, शिंपीणबाई उठल्या, काका खुर्चीचा हात धरून उठले. मग ताईने पांघरूण बाजूला केलं. पाय खाली सोडले, जमिनीवर टेकले, आणि वॉकरकडे न बघता उभी राहिली. शिंपीणबाईंचा हात तोंडावर गेला. काकांचे ओठ हलले. पण उत्तराबद्दल बोलायचं नाही ही रीत उठण्यालाही लागू आहे की नाही हे कुणालाच ठरवता आलं नसावं. मी बसलेलीच होते. आता सकाळी बाटली कुणासाठी भरायची, रविवारी काय करायचं, दुसऱ्या शहरात राहायला मिळेल ती खोली कशी असेल, तिच्यात दिवा कुठे असेल, असलं काहीबाही डोक्यातून जात होतं आणि मला लहान मुलासारखी भीती वाटत होती. ताई पलंगाला वळसा घालून माझ्यापाशी आली. कुठेही अडखळली नाही.

"ऊठ ग," ती हळूच म्हणाली. "सगळे थांबलेत."

"मी पडेन," मी म्हणाले.

"पडशील," ती म्हणाली. "चल."

तिने माझा हात धरून मला ओढून उभं केलं. मला अजून तिचा राग होता, तो आज संपणार नव्हता, आणि मी तिला काही सोपं करून द्यायचं नाही असं ठरवून माझा सगळा भार तिच्यावर टाकला. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. ती हलली नाही.